गव्हाचा कण

चंपाषष्ठीची पंगत ऐन रंगात आली होती आणि त्या घरची एकुलती एक सून, म्हणजे मी, संडासात कडी लावून बसले होते.

नळ पूर्ण सोडलेला होता. लग्न होऊन सासरी आल्यावर मी पहिली जी गोष्ट शिकले ती हीच, की पाण्याचा आवाज मोठा असला म्हणजे बाकीचे आवाज झाकले जातात. त्यात तोटा एवढाच की टाकी लवकर संपते. त्या दिवशी ती संपली. नळाने दोन-चार आचके दिले आणि सगळं एकदम शांत झालं. मग मला बाहेरचं ऐकू यायला लागलं, आणि बाहेरच्यांना आतलं.

आमचं गाव निफाडजवळ. पुढच्या बाजूला सासऱ्यांची कांद्याची आडत, मागे राहायचं घर, आणि संडास थेट ओसरीला लागून. वर हातभर झरोका. ज्याने घराचा नकाशा काढला त्याला कधी सासरी नांदायची वेळ आली नसावी. ओसरीवर पंगत बसली होती. खंडोबाचं नवरात्र उठलं होतं, तळी भरून झाली होती, बाजरीचे रोडगे आणि वांग्याचं भरीत यांच्यावर पाहुणे तुटून पडले होते. आणि मी पानावरून उठून तोंडाला पदर लावून पळाले होते.

"काय करू राहिली ही इतका वेळ?" हा आवाज गोदाआत्यांचा. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांचा आवाज झरोक्यातूनच काय, भिंतीतूनही आला असता. "देवाच्या प्रसादावरून उठून गेली."

"तिला बरं नाहीये, आत्या." हा माझा नवरा, शैलेश.

"चातुर्मासभर तर टुणटुणीत होती. आजच बरं काय झालं?"

मला माझ्या पोटाचा आवाज तेवढा ऐकू येत होता आणि तोही सगळ्यांना ऐकू जात असणार, या विचाराने कानशिलं तापली होती.

"आई," शैलेश म्हणाला, "तिची भाकरी कुठल्या पिठाची होती?"

"बाजरीच्या. तिच्या डब्यातल्या." सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच, वाढता वाढता बोलल्यासारखा. "डबा वेगळा, तवा वेगळा, काथवट वेगळी. आणखी काय वेगळं करू?"

"मग तिला त्रास कसा झाला? गहू पोटात गेल्याशिवाय तिला असं होत नाही."

"ते मला काय माहीत?"

"आई, खरं सांग. हिला खरंच होतं का, बघू तरी, म्हणून जरासं घातलंस का तू?"

कुणाच्या तरी हातातली वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मी उठून उभी राहायला गेले. 'अहो, त्या असं करायच्या नाहीत' असं ओरडून सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात पोटात अशी कळ आली की मी मुकाट्याने पुन्हा खाली बसले. माणसाला बोलण्यासाठी निदान उभं तरी राहता यावं लागतं.

"अगं, बस," अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. "जेवताना काय हे?"

"नाही. सगळ्यांदेखत विचारलं त्याने. सगळ्यांदेखत सांगते." सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाज देव्हाऱ्याकडे गेला आणि परत आला. "हा भंडारा आहे माझ्या हातात. कल्याणीच्या ताटात गव्हाचा एक कणही माझ्या हातून गेला असेल, तर मल्हारीने माझ्याकडे पुन्हा बघू नये."

भंडारा उचलणं म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. दोन भाऊ जमिनीवरून कोर्टात जातील, पण भंडारा उचलायला लावणार नाहीत. तो त्या बाईने भर पंगतीत उचलला, स्वतःच्या मुलासमोर, माझ्या पोटासाठी. आणि मी तेव्हा कोरड्या नळाखाली रिकामी बादली धरून बसले होते. बाहेर येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं तरी हात धुवायला पाणी नव्हतं.

शेवटी पाणी त्यांनीच आणून दिलं. दारावर टकटक झाली, कळशी ठेवल्याचा आवाज आला, आणि पावलं निघून गेली.

हे गव्हाचं प्रकरण सुरू कसं झालं ते सांगायला हवं.

माझं पोट लग्नाआधीही फारसं शहाणं नव्हतं, पण माहेरी धुळ्याला आम्ही तिघंच माणसं, त्यामुळे त्याची बातमी होत नव्हती. सासरी आले आणि ते फुगायला लागलं. जेवण झालं की पोट ढोलासारखं, मग कळा, मग धाव. गावात सुनेचं पोट बिघडलं म्हटलं की बायका आधी एकच अर्थ काढतात आणि पेढे मागतात. मला ओशाळून सांगावं लागायचं, तसं नाही. कसं आहे मग, हे सांगता यायचं नाही.

आषाढातल्या कांदेनवमीला तर कहर झाला. चातुर्मास लागायच्या आधी कांदा मनसोक्त खाऊन घ्यायचा तो दिवस. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचं पिठलं आणि पोळ्या. त्यानंतर मी दोन दिवस अंथरुणाला खिळले. शैलेश फोनवर वाचत बसला. त्याला वाचून उलगडा करायची सवयच होती, मोटार बिघडली तरी आधी वाचायचा. त्याने जाहीर केलं की हा गव्हाचा दोष आहे, याला सीलिअ‍ॅक म्हणतात, यात गव्हाचा कण पोटात गेला तरी शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं.

खरं सांगते, मला तो शब्द फार आवडला. 'संडासाला लागलं' असं सांगण्यापेक्षा 'सीलिअ‍ॅक आहे' असं सांगण्यात केवढी इभ्रत होती. इतके दिवस मी लाजेने अर्धी झाले होते आणि आता मला एक इंग्रजी रोग मिळाला होता.

सासूबाईंना तो शब्द उच्चारता येत नव्हता, पण माझी लाज त्यांना बरोबर कळली होती. त्या म्हणाल्या, "गावाला कशाला सांगायचं पोटाचं? उद्या चातुर्मास लागतोय. गव्हाचा नेम धर. लोक आपोआप गप्प बसतील."

तसंच झालं. कुणी मीठ सोडतं, कुणी एकवेळ जेवतं, मी गहू सोडला. बायका म्हणायला लागल्या, शिकलेली असून केवढा कडक नेम. एका म्हातारीने तर माझ्या पाया पडायचा घाट घातला, तेव्हा मला भुईत जावंसं वाटलं.

आणि मला गुण आला. आठवडाभरात पोट बसलं. कळा नाहीत, धाव नाही, नळ नाही. श्रावण, भाद्रपद, दिवाळी, सगळं सुखात गेलं. मग शैलेशला जोर चढला. गव्हाचा वारा लागता कामा नये, असा घरात कायदा झाला. आणि कायदा करणारा तो असला तरी पाळणारी एकटी त्याची आई होती. गिरणी उघडायच्या आत त्या माझं बाजरीचं गाठोडं घेऊन दारात उभ्या असायच्या, गव्हाआधी नंबर लागावा म्हणून. गिरणीवाल्याला जाती झाडायला लावायच्या. पहिलं ओंजळभर पीठ बाहेर काढून गायीला घालायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, मी जाते." तर म्हणाल्या, "तुला तो झाडून देणार नाही. मला घाबरतो."

मधे गावातल्या डॉक्टरांनी माझी रक्ताची एक तपासणीही केली. ती कोरी आली. शैलेश म्हणाला, इथल्या लॅबला काय कळतंय. तो विषय तिथेच संपला.

चंपाषष्ठीला चातुर्मासाचे सगळे नेम सुटले. माझा तेवढा चालू राहिला, आणि त्याच दिवशी पोटाने दगा दिला.

त्या पंगतीनंतर घर गोठलं. सासूबाई कामं सगळी करायच्या, पण माझ्या पिठाचा डबा त्यांनी उचलून माझ्यासमोर ठेवला. "तुझं तू दळून आण, तुझं तू कर." रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. शैलेश आईशी कामापुरतं बोलायचा आणि नाशिकला भाड्याने जागा बघायला लागला होता. अण्णा दुकानात जास्त वेळ बसायला लागले. भंडारा उचलला म्हणजे त्या खऱ्या. मग मी खोटी होते, नाहीतर माझं पोट खोटं होतं. घरात कुणी हे तोंडाने म्हणत नव्हतं, पण मी ओसरीवर आले की बोलणं थांबायचं. आणि माझ्यामुळे एका आईचा एकुलता एक मुलगा घर सोडून निघाला होता.

सासूबाईच एका सकाळी म्हणाल्या, "जागा नंतर बघा. आधी नाशिकला चांगल्या डॉक्टरला दाखवा. एकदा काय ते ठरू दे. मी पण येते."

"तू कशाला?" शैलेश म्हणाला.

"मी बाहेर बसेन."

डॉक्टर सबनीस नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, आवाज करडा, आणि पोटाविषयी बोलताना असं बोलायच्या की जणू भाजीचा भाव विचारतायत. दिवसातून किती वेळा, पातळ की घट्ट, जाऊन आल्यावर बरं वाटतं का, रात्री झोपेतून उठावं लागतं का, वजन घटलं का. मी नवऱ्यासमोर मान खाली घालून एकेक सांगत होते. सगळं सांगून झालं तेव्हा मला वाटलं, आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही. पण खरं उघडं पडणं अजून पुढेच होतं.

"चार-पाच महिने उत्तम होतात म्हणता," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा काय खात होतात?"

"गहू सोडून सगळं," शैलेश म्हणाला.

"सगळं म्हणजे काय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला एक दुधी सोडून काही आठवेना.

"स्वयंपाक कोण करतं?"

"आई," मी म्हटलं. "बाहेर बसल्यात."

"मग त्यांना बाहेर कशाला बसवलंय?"

सासूबाई आत आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. विचारलं तसं सांगत गेल्या. ज्वारीची, बाजरीची भाकरी, भात, वरण, दोडका, दुधी, भेंडी, मुगाची डाळ, दूध, ताक.

"फोडणी कशाची?"

"आमची साधीच. मोहरी, जिरं, हिंग, हळद."

"कांदा, लसूण?"

"चातुर्मासात?" त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा, लसूण, वांगं आमच्या स्वयंपाकघरात येत नाही."

"तुमचा तर कांद्याचा व्यापार आहे ना?"

"विकतो. खात नाही."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "आणि चंपाषष्ठीला काय केलं होतं?"

"भरीत. त्यात लसूण, कांद्याची पात. आणि पातीचा कांदा तोंडी लावायला. तिला आवडतो. दोनदा मागून घेतला."

ते खरं होतं. चार महिन्यांनी मिळालेला कांदा मी अधाशासारखा खाल्ला होता. पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कांदाही कधी कुणाला बाधतो, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. जे धान्य जगभर बाधतं म्हणून फोनवर दिसत होतं त्याच्यावर आम्ही खापर फोडलं, आणि ज्याच्या गोण्यांवर घर उभं होतं त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

डॉक्टर मात्र लगेच काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, "आजपासून रोज दोन पोळ्या खायच्या. दीड-दोन महिने. बाकी जेवण अगदी चातुर्मासासारखं, कांदा-लसूण औषधालाही नाही. मग रक्त तपासू."

"गहू खायचा?" शैलेश उभाच राहिला. "तिला सीलिअ‍ॅक असेल तर?"

"असेल तर त्याशिवाय कळणार नाही. गहू बंद असताना तपासणी केली तर ती कोरीच येणार. तुमची ती गावातली तपासणी तशीच झाली. लॅबची काही चूक नव्हती."

बाहेर आल्यावर सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोळ्या मात्र तूच करशील. पुन्हा काही झालं तर मी आता कशावर हात ठेवू?"

पहिली पोळी मीच लाटली. खाल्ली, आणि संध्याकाळपर्यंत पोटात कळ आली. शैलेश विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." दुसऱ्या दिवशी थोडं दुखलं. मग कमी. मग पोट जरा जड वाटायचं, एवढंच. महिना उलटला आणि मी रोज दोन पोळ्या, दुधीची भाजी, वरण-भात जेवत होते आणि मला काहीही होत नव्हतं.

त्या दिवसांइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. पोट दुखायचं तेव्हा दुखण्याची लाज होती. आता दुखत नव्हतं, याची लाज त्याहून मोठी होती. ज्या गव्हापायी चार महिने एका बाईने पहाटे गिरणीचं दार धरलं, भंडारा उचलला, मुलगा तुटू दिला, तो गहू माझ्या पोटात निवांत पचत होता. एकदा तर मी उगाच जाऊन नळ सोडून बसले. बाहेर आले तर सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "टाकी भरायला वीज नाही आज. पाणी जपून वापर."

त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी शैलेशला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंही डॉक्टरांसमोर बसलो. या वेळी सासूबाई खुर्चीत बसल्या.

"सीलिअ‍ॅक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गव्हाच्या अ‍ॅलर्जीचीही लक्षणं नाहीत. काहींना हे दोन्ही नसतं आणि तरी गहू सोसत नाही, त्याला कुठली तपासणी नसते, खाऊन आणि सोडूनच बघावं लागतं. ते आपण बघितलं. दोन पोळ्या यांना सोसतात. यांचं आतडं हळवं आहे. आयबीएस म्हणतात त्याला. आणि त्याला चिडवतो तो कांदा आणि लसूण."

"पण गहू सोडल्यावरच बरं वाटलं होतं," शैलेश म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

"त्याच दिवशी कांदाही सुटला होता. कांद्यात एक प्रकारची साखर असते, ती नीट पचत नाही, पुढे जाऊन आंबते, वायू धरतो. तीच गव्हातही असते, म्हणून पोळ्यांचा ढीग खाल्ला तर जड वाटेल. दोघं मिळून आले की संपलंच. तुमच्या त्या कांदेनवमीला दोघं मिळून आले."

"आणि पहिल्या दिवशी पोळी खाऊन दुखलं ते?" मी विचारलं. विचारताना माझी मान वर होईना. "ते मी मनाचं केलं?"

"मनाचं केलं म्हणजे खोटं केलं, असं नाही. तुम्ही इतक्या घाबरला होतात की आतडंही घाबरलं. दुखलं ते खरंच दुखलं."

मला रडू आलं. इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं होतं की दुखलं ते खरंच.

शैलेश आईकडे वळला. "आई, चुकलं माझं." सासूबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झालेला मी बघितला. सगळं तिथेच संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण डॉक्टर मोकळ्या मनाने बोलत होत्या. "खरं तर मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. यांनी फोडणी सांगितली तेव्हाच. हिंग डबीतला वापरता ना, पिवळा?"

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. नुसता हिंग फार उग्र असतो, म्हणून. डबीवर बारीक अक्षरात लिहितात. म्हणजे चातुर्मासभर तुमच्या सुनेच्या पोटात रोज चिमूटभर का होईना, गहू जातच होता, आणि ती ठणठणीत होती. त्याने सिद्ध काही होत नाही, पण मला वाटलं, दोषी दुसराच असणार."

शैलेश हसला. मनावरचं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसं, मोठ्याने. "म्हणजे आम्ही गिरणी झाडत बसलो, आणि गहू फोडणीत."

मी सासूबाईंकडे बघितलं.

"चंपाषष्ठीच्या भरितात पण?" त्यांनी विचारलं.

"फोडणी घातली असेल तर असणारच."

"घातली होती. मीच घातली होती."

"पण त्याने काही झालं नाही ना," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना काय माहीत असणार. "तुमची काहीच चूक नाही, ताई."

"चूक नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण कण होता."

परतीच्या वाटेवर शैलेश एकटाच बोलत होता. जागा बघायची नाही आता, घरी गेल्यावर गोदाआत्याला फोन लावून सगळं सांगतो, वगैरे. सासूबाई खिडकीतून द्राक्षांच्या बागा बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत नव्हतं. नकळत झालेलं देव धरत नाही."

"मी 'मला माहीत नाही' असं कुठे म्हटलं होतं?" त्या म्हणाल्या. "एक कणही नाही, असं म्हटलं होतं. रागात जास्तीचं बोलले."

"माझ्यामुळे बोललात."

"तुझ्यामुळे कशाला? तू तर आत होतीस."

त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते अजून बोचतं. सगळं माझ्यावरून घडलं आणि मी आत होते.

घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. निदान शैलेशला आणि अण्णांना तसं वाटलं. सासूबाई हसायच्या, गिरणीवाल्यावर ओरडायच्या, माझ्या पोळ्यांना नावं ठेवायच्या. माझ्यासाठी वेगळा डबा राहिला नाही, वेगळा तवा राहिला नाही. मी बरी झाले. गोदाआत्यांनी तर ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकली, कांद्याच्या व्यापाऱ्याला कांदा न सोसणारी सून कशी मिळाली म्हणून, आणि लोक पोट धरून हसले. मीही हसले.

पुढच्या वर्षी चंपाषष्ठी आली. ओसरीवर तीच माणसं, मधे तळी भरलेली, ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. सगळ्यांनी मिळून तळी उचलली, येळकोट झाला. अण्णांनी प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावला. मी आजूबाजूला बघितलं तर सासूबाई कुठे दिसेनात.

त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. देव्हाऱ्यातून दिसणार नाही अशा जागी, भिंतीला पाठ लावून. हात जोडलेले होते.

मग मला आठवलं की वर्षभर मी त्यांना देव्हाऱ्यासमोर बसलेलं पाहिलंच नव्हतं. पूजा अण्णा करायचे, दिवा मी लावायचे. वयामुळे गुडघे दुखतात, असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. मल्हारीने माझ्याकडे पुन्हा बघू नये, असं त्या म्हणाल्या होत्या. देवाला तो शब्द मोडायला लागू नये म्हणून त्या स्वतःच त्याच्या नजरेआड झाल्या होत्या.

मी ताम्हनातला भंडारा चिमटीत घेतला आणि दाराआड गेले.

"आई, पुरे झालं आता. चला पुढे."

"जा तू. लोक बघतायत."

"बघू देत." मी त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. घाईत तो भुवईपर्यंत सांडला.

त्या मला रागावल्या नाहीत, "शब्द दिलाय मी," एवढंच म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक घेतलं, कपाळ सावकाश, नीट पुसलं, पदर कनवटीला खोचला, आणि माझ्यासाठी बाजूला ठेवलेलं बिनकांद्याचं भरीत वाढायला आत गेल्या.